अटलांटाची ‘इक्विटेबल’ इमारत

किल्ले, देवळे आणि वाडे यांचा इतिहास सांगण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. पेढ्या आणि कचेऱ्या ज्यांत भरतात त्या इमारतींकडे मात्र आपला इतिहासकार क्वचितच वळतो. त्यांत तलवारी गाजलेल्या नसतात, कोणी संत तेथे समाधिस्थ झालेला नसतो. परंतु गेल्या दीडशे वर्षांत मनुष्याने आपले सामर्थ्य मिरवण्यासाठी मंदिराचा कळस किंवा किल्ल्याचा बुरूज निवडला नाही, कचेरीची इमारत निवडली. म्हणून ज्याला या युगाचा स्वभाव ओळखायचा असेल त्याने अशा एखाद्या इमारतीचा जमाखर्च नीट तपासावा, असे आम्हांस वाटते.

आज आम्ही ज्या इमारतीविषयी सांगणार आहोत ती आता उभी नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात ती १८९२ साली पुरी झाली आणि १९७१ साली पाडण्यात आली. तिचे नाव ‘इक्विटेबल बिल्डिंग’. तिला आठ मजले होते. आजच्या मुंबईत किंवा पुण्यात आठ मजल्यांच्या इमारतीसाठी कोणी मान वर करणार नाही. परंतु अटलांटाची पहिली गगनचुंबी इमारत म्हणून इतिहासात तिचीच नोंद आहे. ‘इक्विटेबल’ या शब्दाचा अर्थ न्याय्य, सर्वांना समान वाटणी देणारे. हे नाव तिला एका विमा कंपनीवरून मिळाले. ते तिला कितपत शोभत होते, हा आजच्या विवेचनाचा खरा प्रश्न आहे.

प्रथम शहराची ओळख करून घेऊ. बहुतेक मोठी शहरे नदीकाठी किंवा समुद्रकाठी वसतात. अटलांटाचा जन्म एका खुंटीपाशी झाला. १८३७ साली रेल्वेच्या मोजणीदारांनी जॉर्जियाच्या डोंगराळ भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार फूट उंचीवर, लोहमार्ग कोठे संपेल ते दाखवणारी खुंटी ठोकली. त्या जागेला लोक ‘टर्मिनस’, म्हणजे अखेरचे ठाणे, एवढेच म्हणत. पुढे मार्थासव्हिल आणि मग अटलांटा अशी नावे बदलत गेली. राजा नाही, बंदर नाही, तीर्थ नाही. रेल्वे आणि व्यापार एवढेच त्या गावाचे भांडवल. १८६० साली तेथे साडेनऊ हजार लोक राहत होते.

मग यादवी युद्ध आले. उत्तरेकडील संस्थानांनी दक्षिणेची बंदरे कोंडली आणि दक्षिणेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. याच कोंडीमुळे मुंबईच्या इतिहासात सोन्याचा पाऊस पडला, हे आपल्याला ठाऊकच आहे. वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथील कापसाला कधी मिळाला नव्हता असा भाव आला, शेअरबाजाराचे वेड मुंबईवर स्वार झाले आणि प्रेमचंद रायचंद हे नाव घरोघर पोचले. १८६४ साली प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी देणग्या दिल्या. आपल्या मातोश्रींच्या नावाने त्यांनी उभारलेला राजाबाई टॉवर पुढे १८७८ साली पुरा झाला. तो २८० फूट उंच आहे. त्याच १८६४ च्या सप्टेंबरात सेनापती शर्मन याच्या फौजा अटलांटात शिरल्या आणि नोव्हेंबरात शहर पेटवून बाहेर पडल्या. ज्या युद्धाने एका शहराची राख केली त्याच युद्धाच्या पैशाने दुसऱ्या शहरात मनोरा उभा राहिला. युद्ध संपताच मुंबईचा फुगाही १८६५ च्या जुलैत फुटला. जगाचे व्यवहार आज जोडलेले आहेत असे आपण म्हणतो. ते तेव्हाही जोडलेलेच होते.

अटलांटाने आपली राख झटकण्यास फार वेळ लावला नाही. १८८० साली तेथील वस्ती ३७ हजारांवर गेली आणि १८९० साली ६५ हजारांवर. जळून पुन्हा जिवंत होणारा फिनिक्स पक्षी त्या शहराने आपल्या मुद्रेवर घेतला. या उत्साहाला शब्दरूप देणारा मनुष्य म्हणजे ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ पत्राचा संपादक हेन्री ग्रेडी. १८८६ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील धनिकांच्या मेजवानीत त्याने ‘नवी दक्षिण’ या विषयावर भाषण केले. ज्या शर्मनने शहर जाळले तोही श्रोत्यांत बसला होता. त्याच्याकडे पाहून ग्रेडीने थट्टा केली आणि सर्वांना हसवले. त्याच्या म्हणण्याचे सार असे: जुनी, गुलामांच्या शेतीवर जगणारी दक्षिण मेली, आता कारखाने, रेल्वे आणि उद्योग यांची दक्षिण जन्मली आहे, उत्तरेच्या भांडवलदारांनी निःशंक मनाने पैसा गुंतवावा. ग्रेडी १८८९ साली वारला, पण त्याचा संदेश दगडविटांत उतरवणारा मनुष्य तोवर कामाला लागला होता.

त्या मनुष्याचे नाव जोएल हर्ट. १८५० साली आलाबामा राज्यात त्याचा जन्म झाला. जॉर्जियाच्या विद्यापीठात तो स्थापत्य शिकला आणि अटलांटात येऊन विमा व घरबांधणीची कर्जे या व्यवसायांत स्थिरावला. त्याच्या अंगी दोन गुण होते. नकाशा वाचणाऱ्या अभियंत्याची नजर आणि भाव कोठे चढणार हे हेरणाऱ्या सराफाची नजर. शहराच्या पूर्वेला दोनएक मैलांवर त्याने जमीन घेऊन ‘इनमन पार्क’ नावाचे झाडीचे उपनगर आखले. अटलांटातील आखून वसवलेले ते पहिले उपनगर. तेथे राहायला जाणाऱ्याला कचेरीत यायला वाहन हवे, म्हणून त्याने एजवुड अॅव्हेन्यू हा सरळ रस्ता शहराच्या मध्यापर्यंत आणला आणि १८८९ साली त्यावर विजेची ट्रॅम सुरू केली. शहरातील ती पहिलीच. मग या ट्रॅमने यावे तरी कोठे? म्हणून रस्त्याच्या शहराकडील टोकाला त्याने मोठी कचेरीची इमारत बांधायला घेतली. घर त्याच्या जमिनीवर, प्रवास त्याच्या ट्रॅममधून आणि नोकरी त्याच्या इमारतीत! एका मनुष्याने शहराच्या दिवसभराच्या दिनक्रमाचीच मालकी घ्यावी, असा हा बेत होता. गगनचुंबी इमारत एकटी कधीच उगवत नाही. तिच्या मागे जमीन, वाहतूक आणि कर्ज यांचे जाळे असते. हर्टच्या उदाहरणात हे जाळे इतके उघड दिसते की इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते नमुना म्हणून वापरता यावे.

इमारती उंच का झाल्या हेही थोडक्यात पाहू. जिना चढून माणूस फार तर पाच मजले जातो. त्यावरच्या खोल्यांना भाडेकरू मिळत नसे. १८५० नंतरच्या दशकात एलिशा ओटिसने, दोर तुटला तरी खाली कोसळणार नाही अशी लिफ्ट तयार केली आणि वरच्या मजल्यांना किंमत आली. न्यूयॉर्कच्या इक्विटेबल विमा कंपनीने १८७० साली आपल्या कचेरीत भाडेकरूंसाठी लिफ्ट बसवली. आपल्या कथेतील इमारतीला याच कंपनीचे नाव मिळाले. दुसरी अडचण भिंतींची होती. विटांच्या भिंतीवर मजले चढवत गेले की तळाची भिंत जाड होत जाते. शिकागोच्या मोनाड्नॉक या सोळामजली इमारतीत ती तळाशी सहा फूट जाड आहे. तेवढी जागा भिंतच खाऊन बसली तर भाडे कशाचे घ्यायचे? पोलाद स्वस्त झाल्यावर यावर उपाय निघाला. इमारतीचा भार पोलादी सांगाड्याने पेलायचा आणि भिंत केवळ अंगरख्यासारखी बाहेरून चढवायची. ही विद्या शिकागोत परिपक्व झाली. त्या शहराची जमीन दलदलीची असल्याने पाया घालण्याच्या नव्या युक्त्याही तेथेच निघाल्या.

हर्टने आपले काम शिकागोच्याच ‘बर्नहॅम आणि रूट’ या प्रसिद्ध जोडीकडे सोपवले. यांतील डॅनियल बर्नहॅम पुढे १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाचा मुख्य रचनाकार झाला. स्वामी विवेकानंद ज्या सर्वधर्मपरिषदेत बोलले ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. परंतु आमच्या कथेला त्याचा भागीदार जॉन वेलबॉर्न रूट हा अधिक जवळचा आहे. तो मूळचा जॉर्जियाचा. जन्म हर्टप्रमाणेच १८५० चा, बालपण अटलांटातले. त्याचे वडील सिडनी रूट मोठे व्यापारी. युद्धकाळात कोंडी चुकवून इंग्लंडशी मालाची ने-आण करणे हा त्यांचा धंदा. अटलांटावर संकट आले तेव्हा त्यांनी या चौदा वर्षांच्या मुलाला अशाच एका जहाजातून लिव्हरपूलला पाठवून दिले. त्याच लिव्हरपूलच्या धक्क्यांवर त्या दिवसांत मुंबईच्या कापसाच्या गासड्या उतरत होत्या. युद्धानंतर परत येऊन रूट न्यूयॉर्कमध्ये स्थापत्य शिकला आणि शिकागो १८७१ च्या आगीत जळाल्यावर तेथे गेला. लहानपणीचे शहर जळालेले आणि तरुणपणीचेही. अशा माणसाच्या हातून दोन्ही शहरांत उंच इमारतींचे आराखडे निघाले. अटलांटाची इमारत पुरी झालेली पाहणे मात्र त्याच्या नशिबी नव्हते. १८९१ च्या जानेवारीत, वयाची एकेचाळीस वर्षे नुकतीच भरलेली असता, न्यूमोनियाने तो गेला.

१८९२ साली इमारत पुरी झाली आणि शहराच्या व्यवहाराचे केंद्र तिच्याकडे सरकले. हर्टने १८९१ साली काढलेली पेढी पुढे ‘ट्रस्ट कंपनी ऑफ जॉर्जिया’ या नावाने येथेच भरभराटली. हर्टनंतर ही पेढी त्याचा मेहुणा अर्नेस्ट वुड्रफ याच्या हाती आली आणि १९१९ साली वुड्रफच्या मंडळींनी अडीच कोटी डॉलरला कोका-कोला कंपनी विकत घेतली. त्या पेयाची गुप्त कृती याच पेढीच्या तिजोरीत कित्येक दशके ठेवलेली होती. इतर धनिकांनीही हर्टचा कित्ता गिरवला. १८९७ साली अकरा मजल्यांची त्रिकोणी फ्लॅटआयर्न इमारत झाली. न्यूयॉर्कची तशीच सुप्रसिद्ध इमारत हिच्यानंतर पाच वर्षांनी आली. १९०६ साली कोका-कोलाचे धनी एसा कँडलर यांची सतरामजली इमारत उभी राहिली. ज्या शहराला शर्मनने सपाट केले होते ते आता दुरून मनोऱ्यांवरून ओळखता येऊ लागले.

येथवरचा भाग जमेच्या बाजूचा झाला. कोणत्याही गौरवग्रंथात तो मिळेल आणि तो खोटा नाही. पण खातेवहीला दुसरे पान असते, तेही उलटले पाहिजे.

यादवी युद्धानंतर १८६५ साली अमेरिकेच्या राज्यघटनेला तेरावी दुरुस्ती जोडली गेली आणि गुलामगिरी रद्द झाली. या घटनेने आपल्याकडे एका महापुरुषाचे अंतःकरण हलवले. महात्मा फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून त्यांनी त्या देशाचा जो गौरव केला तो त्या मुक्तिदात्यांच्या बाबतीत सर्वस्वी योग्य होता. परंतु त्या दुरुस्तीत एक अपवाद राहून गेला होता. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी घेण्यास तिने मोकळीक ठेवली होती. पाणी जसे बांधाची फट शोधते तशी जुन्या मालकांच्या लोभाने ही फट शोधली.

युक्ती साधी होती. ज्याच्यापाशी नोकरीचा पुरावा नाही तो भटक्या, आणि भटकणे हा गुन्हा, असे कायदे झाले. गुन्हेगार ठरवलेल्या माणसाला तुरुंगात पोसण्यापेक्षा राज्य त्याला मक्त्याने देऊ लागले. आपल्याकडे नाक्याचा किंवा दारूचा मक्ता दिला जाई, तसा येथे माणसांचा मक्ता! १८६८ साली जॉर्जियाने शंभर कैदी एका रेल्वे कंपनीला वर्षासाठी २,५०० डॉलरला दिले. म्हणजे माणशी वर्षाला पंचवीस डॉलर. १८७६ च्या कायद्याने तर साऱ्या कैद्यांचा मक्ता तीन कंपन्यांना वीस वर्षांसाठी दिला गेला, वर्षाला पंचवीस हजार डॉलर या दराने. मक्तेदारांत दक्षिणेचे माजी राज्यपाल आणि सेनानी होते. कैद्यांत फार मोठी बहुसंख्या कृष्णवर्णीयांची होती. आणि या व्यवस्थेतील एक गोष्ट जुन्या गुलामगिरीहूनही भयंकर होती. जुना मालक गुलाम विकत घेई, म्हणून तो मरू नये एवढी तरी काळजी त्याला स्वार्थापोटी असे. मक्त्याचा कैदी मेला तर मक्तेदाराचे काहीच बुडत नव्हते, त्याला दुसरा मिळत असे.

जोएल हर्ट या व्यवहारात इमारत बांधून झाल्यावर काही वर्षांनी शिरला. त्याच्या जॉर्जिया आयर्न अँड कोल कंपनीच्या खाणींत आणि भट्ट्यांवर मक्त्याचे कैदी राबत. शहराचा माजी महापौर जेम्स इंग्लिश याच्या चॅटाहूची वीटभट्टीवर असेच कैदी वर्षाला कोट्यवधी विटा पाडत. त्या विटा अटलांटाच्या रस्त्यांत आणि घरांत गेल्या. १९०८ साली राज्याच्या विधिमंडळाने चौकशी-समिती नेमली, तेव्हा चाबकाचे फटके, उपासमार आणि आजाऱ्यांना कामाला जुंपणे यांच्या जबान्या शहरातल्या वर्तमानपत्रांत रोज छापून येऊ लागल्या. हर्टलाही साक्षीला यावे लागले. पहारेकरी कैद्यांना पुरेसे राबवत नाहीत, अशी उलट त्याचीच तक्रार होती. सार्वजनिक सभा झाल्या, लोकमत खवळले आणि त्याच वर्षी मक्तापद्धती बंद करण्याचा कायदा झाला. १९०९ च्या मार्चअखेर शेवटचे मक्ते संपले. हे श्रेय त्या लोकमताला दिलेच पाहिजे. पण कैद्यांच्या पायांतील साखळ्या सुटल्या नाहीत. पुढे कित्येक दशके तेच कैदी साखळीत बांधून सरकारी रस्त्यांवर खपत राहिले. आणि ज्या १९०८ साली हा कायदा झाला त्याच साली जॉर्जियाच्या घटनादुरुस्तीने बहुतेक कृष्णवर्णीयांचा मताचा हक्क काढून घेतला.

त्याआधी दोन वर्षे, १९०६ च्या सप्टेंबरात, या उंच इमारतींच्या पायथ्याशीच दंगल उसळली होती. राज्यपालपदाच्या निवडणुकीत दोन्ही उमेदवारांनी वंशद्वेष चेतवला होता. वर्तमानपत्रांनी खोट्यानाट्या बातम्यांच्या जादा आवृत्त्या काढल्या, आणि हजारो गोऱ्यांचा जमाव शहराच्या मध्यभागी ट्रॅममधून काळ्या उतारूंना ओढून काढून मारू लागला. निदान दोन डझन कृष्णवर्णीय प्राणास मुकले. विजेची ट्रॅम ही प्रगतीची खूण म्हणून मिरवली गेली होती. त्या रात्री ती सापळा ठरली. यंत्र माणसाला सुधारत नाही, ते त्याच्या हाती फक्त अधिक बळ देते.

मग ज्यांना या मनोऱ्यांची दारे बंद होती त्यांनी काय केले? एजवुड अॅव्हेन्यूला जवळजवळ समांतर असा ऑबर्न अॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. तेथे त्यांनी आपले दुसरे शहर वसवले. अलोन्झो हर्नडन हा १८५८ साली गुलाम म्हणून जन्मलेला मनुष्य. तो न्हावी झाला आणि मुख्य रस्त्यावर त्याने श्रीमंत गोऱ्यांसाठी दुकान थाटले. १९०५ साली त्याने एक लहानशी विमासंस्था विकत घेतली, तीच ‘अटलांटा लाइफ’ ही मोठी कंपनी झाली. काळ्या माणसाचा विमा हर्टच्या जगाने न्याय्य दराने उतरवला नसता. तो हर्नडनने उतरवला. १९१२ साली ऑड फेलोज या कृष्णवर्णीयांच्या संस्थेने त्याच रस्त्यावर सहामजली इमारत बांधली. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी तिचे उद्घाटन केले. दोन मजल्यांनी ती इक्विटेबलहून ठेंगणी होती, पण आमच्या मते तिची उंची मोजण्याचे माप निराळे आहे.

याच अटलांटात १८९७ ते १९१० पर्यंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस हे विद्वान विद्यापीठात शिकवत होते आणि आपल्या समाजाच्या स्थितीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करत होते. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहिले, निग्रोंच्या प्रश्नाचा आणि अस्पृश्यांच्या प्रश्नाचा निकट संबंध सांगितला आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे निग्रो पुढाऱ्यांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली. महात्मा फुल्यांच्या अर्पणपत्रिकेपासून बाबासाहेबांच्या या पत्रापर्यंतचा धागा अखंड आहे. फुल्यांनी मुक्तीचे अभिनंदन केले. बाबासाहेबांनी ती मुक्ती अपुरी आहे हे जाणून विचारपूस केली. ऑबर्न अॅव्हेन्यूवरच १९२९ साली मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म झाला, एवढे सांगितले म्हणजे त्या रस्त्याचे महत्त्व लक्षात यावे.

हर्ट १९२६ साली वारला. त्याच्या नावाची सतरामजली इमारत, जिचा पहिला भाग १९१३ साली झाला, आजही उभी आहे. इक्विटेबल मात्र १९१३ साली ट्रस्ट कंपनीने विकत घेऊन आपले नाव तिला दिले, आणि १९७१ साली त्याच पेढीच्या नव्या मनोऱ्यापायी ती जमीनदोस्त झाली. तिचे काही खांब तेवढे स्मारक म्हणून राखले आहेत. जे शहर जळून उठल्याचा अभिमान बाळगते ते आपल्या हाताने आपला इतिहास पाडते, हे विचित्र वाटेल. पण ज्या तर्काने ती बांधली त्याच तर्काने ती पडली. जमिनीच्या भावाने तिला आठ मजले चढवले; भाव आणखी चढला तेव्हा आठ मजले परवडेनासे झाले. तिच्या पतनानंतर दोनच वर्षांनी, १९७३ साली, मेनार्ड जॅक्सन हे कृष्णवर्णीय गृहस्थ अटलांटाचे महापौर म्हणून निवडून आले. दक्षिणेतील कोणत्याही मोठ्या शहरात असे प्रथमच घडत होते. आणि २०२२ साली चॅटाहूची वीटभट्टीची जागा शहराने विकत घेतली, ती तेथे राबून मेलेल्यांची स्मृती जपण्याच्या हेतूने.

कोणी विचारील, रूटची प्रतिभा आणि हर्टची दूरदृष्टी यांना या दुसऱ्या पानामुळे बट्टा लावावा काय? आमचे उत्तर असे की, एक पान दुसऱ्याने खोडले जात नाही. रूटचा आराखडा सुंदरच होता, ट्रॅम उपयुक्तच होती आणि कैद्यांच्या पाठीवरचे वळही खरेच होते. इतिहासकाराचे काम दोन्ही पाने एकाच वहीत बांधण्याचे आहे. ग्रेडीने जुनी दक्षिण मेली असे जाहीर केले तेव्हा ती खाणींत आणि वीटभट्ट्यांवर जिवंत होती. मेजवानीच्या दिव्यांत ती दिसली नाही, इतकेच. आपल्याही शहरांत आज मनोऱ्यांमागून मनोरे चढत आहेत. त्यांचे मजले मोजण्याचा आनंद आपण अवश्य घ्यावा. मात्र विटा कोणी पाडल्या, त्यांना मजुरी काय मिळाली आणि वर जाणाऱ्या लिफ्टचे दार कोणाला उघडे आहे, हेही त्याच वेळी विचारले जावे. ‘न्याय्य’ हे नाव इमारतीला देणे सोपे आहे. ते नाव खरे ठरवण्याचे काम अटलांटात ऑबर्न अॅव्हेन्यूच्या माणसांनी केले, आणि त्यासाठी त्यांना पाऊण शतक लागले.